केदारांची आमदारकी दुसऱ्या दिवशी गेली, कोकाटेंची राहिली. आणि आमच्या ग्रुपवर दोन्ही वेळा लोकशाही धोक्यात!

कट्ट्यावरचा:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून टाकतोय. शिवीगाळ न करता बोला एवढीच विनंती.

आमचा भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चाळीसेक डोकी, त्यात अण्णाकाका पक्के भाजपवाले आणि चुलतभाऊ तितकाच पक्का काँग्रेसवाला. २२ डिसेंबर २०२३ ला नागपूर जिल्हा बँकेच्या घोटाळ्यात काँग्रेसचे आमदार सुनील केदारांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमदारकी रद्द झाल्याची अधिसूचना निघाली. काकांचा मेसेज, "दोन वर्षांची शिक्षा झाली की घरी जायचं, कायदा आहे तो, अपील बिपील घरी बसून करावं". चुलतभाऊ लगेच, "रातोरात आमदारकी काढता, वरचं कोर्ट आहे की नाही या देशात".

मग २० फेब्रुवारी २०२५. माणिकराव कोकाटे, अजितदादांच्या राष्ट्रवादीचे, तेव्हा भाजपसोबतच्या सरकारात कृषिमंत्री. मुख्यमंत्री कोट्यातल्या फ्लॅटसाठी कागदपत्रांत फेरफार केल्याचं १९९५ चं प्रकरण, नाशिकच्या कोर्टाने दोन वर्षं दिली. आमदारकी तशीच, मंत्रिपद तसंच. आता काका म्हणतात, "खालच्या कोर्टाचा निकाल आहे, वर टिकतो का बघू, तीस वर्षं जुनं प्रकरण उकरून काढलंय". आणि चुलतभाऊ म्हणतो, "एक दिवस तरी का थांबले, कायदा स्पष्ट आहे". म्हणजे दोघांनी एकमेकांचे डायलॉग घेतले फक्त, चौदा महिन्यांत.

मी सर्च मारून चारही मेसेज एकाखाली एक टाकले. काकांनी मला काँग्रेसवाला ठरवलं, भावाने भाजपवाला.

तर प्रश्न दोन. एक, या दोन केसमध्ये कायद्याने खरंच काही फरक होता का, की सत्तेत कोण आहे एवढाच फरक? दुसरा, ही माणसं जाणूनबुजून ढोंग करतात की त्यांना खरंच तसं दिसतं? कारण अण्णाकाका एरवी अतिशय सरळ माणूस आहे, दुकानदाराने दहा रुपये जास्त परत दिले तर भर उन्हात परत नेऊन देणारा.

ॲडव्होकेट_निनावी:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसरा माझ्या फीमध्ये बसत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८(३). दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की दोषी ठरवल्याच्या तारखेपासून अपात्र, वर सुटकेनंतर सहा वर्षं. आधी ८(४) ची पळवाट होती, विद्यमान आमदार खासदारांना तीन महिने मिळायचे, त्यात अपील केलं की ते निकाली निघेपर्यंत खुर्ची शाबूत. १० जुलै २०१३ ला लिली थॉमस निकालात सुप्रीम कोर्टाने ते ८(४) च उडवलं. तेव्हाच्या मनमोहन सिंग सरकारने तो निकाल फिरवायला अध्यादेश आणला होता, राहुल गांधींनी पत्रकार परिषदेत येऊन त्याचा जाहीर निषेध केला आणि तो मागे घेतला गेला. पुढे २०२३ मध्ये त्याच तरतुदीने त्यांचीच खासदारकी गेली, २३ मार्चला सुरतच्या कोर्टात मानहानीच्या केसमध्ये शिक्षा, २४ ला अधिसूचना.

आमदारकी वाचवायची तर वरच्या कोर्टाने दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवण्यालाच, स्थगिती द्यावी लागते. नुसता जामीन किंवा नुसती शिक्षेला स्थगिती पुरत नाही. इथे बरेच पत्रकारही गडबडतात, "शिक्षेला स्थगिती, आमदारकी वाचली" असं ठोकून देतात.

कोकाटेंच्या दोषसिद्धीला सत्र न्यायालयाने स्थगिती दिली ती ५ मार्च २०२५ ला. म्हणजे २० फेब्रुवारी ते ५ मार्च हे तेरा दिवस कायद्याच्या भाषेत ते अपात्र होते आणि अधिसूचना निघाली नाही. केदारांना जेमतेम एक दिवस मिळाला. विधानसभा अध्यक्ष दोन्ही वेळा तेच, राहुल नार्वेकर.

मी_सिन्नरचा:
कोकाटे आमच्या मतदारसंघाचे, त्यामुळे थोडी माहिती देतो. ही तक्रार मुळात माजी मंत्री तुकाराम दिघोळेंनी केलेली, ते पण सिन्नरचेच, जुनं स्थानिक वैर. आणि तुम्ही पक्ष पक्ष करताय तर ऐका, कोकाटे शिवसेनेचे आमदार होते, मग काँग्रेसचे, मग २०१४ ला भाजपकडून लढून पडले, मग २०१९ ला राष्ट्रवादीकडून आले. केस सगळा वेळ तीच. म्हणजे या तीस वर्षांत राज्यातल्या प्रत्येक मोठ्या पक्षाच्या कार्यकर्त्याने कधी ना कधी तिचं समर्थन केलंय आणि कधी ना कधी तिच्यावरून बोंब मारलीये. आमच्या गावात एक जण आहे त्याने एकट्याने दोन्ही केलंय आणि त्याला विचारलं तर म्हणतो परिस्थिती बदलली.

गावातल्या लोकांना त्या फ्लॅटचं काही पडलेलं नव्हतं खरं सांगायचं तर. कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळताना दिसले त्या व्हिडिओने जास्त चिडले, कारण तेव्हा शेतकरी अडचणीत होता. त्यात खातं बदललं, कृषी गेलं आणि क्रीडा मिळालं, यावर जेवढे जोक झाले तेवढे निकालावर झाले नाहीत.

राष्ट्रहित_सर्वोपरि:
नेहमीप्रमाणे एकतर्फी धागा. २०१४ च्या आधी कुठे होतात सगळे? आदर्श सोसायटी घोटाळ्याच्या वेळी राज्यपालांनी अशोक चव्हाणांवरच्या खटल्याला परवानगी नाकारली तेव्हा कुणाला कायदा आठवला नाही. चौकशी आयोगाचा अहवाल कॅबिनेटने फेटाळला होता, फेटाळला! केदारांचं म्हणाल तर शेतकऱ्यांच्या बँकेचे दीडशे कोटी, आणि त्या माणसाला केस चालू असताना महाविकास आघाडीने कॅबिनेट मंत्री केलं होतं. फ्लॅटची केस आणि बँक बुडवायची केस एका तराजूत कशी तोलता?

अनघा_टी:
@राष्ट्रहित, मुद्दा चांगला आहे हो, फक्त अर्ध्यावर सोडलात. आदर्शचं पुढचं पण सांगा ना. अशोक चव्हाणांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं, डिसेंबर २०१३ ला राज्यपालांनी परवानगी नाकारली, सरकार बदलल्यावर २०१६ ला नव्या राज्यपालांनी दिली, २०१७ ला हायकोर्टाने ती रद्द केली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने संसदेत श्वेतपत्रिका मांडली त्यात यूपीए काळातल्या घोटाळ्यांच्या यादीत आदर्श होतं, आणि आठवड्याच्या आत चव्हाण भाजपमध्ये, मग राज्यसभेत. आता तुमच्या लेखी ते दोषी आहेत की नाहीत ते एकदा ठरवा. श्वेतपत्रिकेवर विश्वास ठेवायचा तर पक्षप्रवेश चुकला, हायकोर्टावर ठेवायचा तर आधीची सात आठ वर्षं जे भाषण ठोकलं ते चुकलं.

आणि दुसऱ्या बाजूला पण तेच, उगाच कुणी टाळ्या वाजवू नका. नवाब मलिक, आघाडी सरकारमधले राष्ट्रवादीचे मंत्री. फेब्रुवारी २०२२ ला ईडीने अटक केली, आघाडीने त्यांना तुरुंगात असताना बिनखात्याचे मंत्री ठेवलं, त्यांच्यासाठी आंदोलनं केली, केस खोटी आहे म्हणाले. डिसेंबर २०२३ ला नागपूर अधिवेशनात मलिक सत्ताधारी बाकांवर बसले तर हीच मंडळी विचारायला लागली की देशद्रोहाचे आरोप केलेत त्यांच्या मांडीला मांडी लावून कसे बसता. फडणवीसांनी अजितदादांना जाहीर पत्र लिहिलं की यांना महायुतीत घेणं योग्य नाही, आणि वर सभागृहात विचारलं की तुम्ही जेलमधल्या माणसाला मंत्री का ठेवलं होतं. प्रश्न दोघांचेही रास्त, उत्तर एकाकडेही नाही. मलिकांच्या केसमध्ये या पावणेदोन वर्षांत वैद्यकीय जामीन सोडून काय बदललं होतं? बाक.

राष्ट्रहित_सर्वोपरि:
कोर्टाने सोडलं असेल तर पक्षात घ्यायला काय हरकत आहे?

अनघा_टी:
काहीच नाही. फक्त हाच नियम राष्ट्रवादीच्या छगन भुजबळांना २०२१ मध्ये लावला होता का? दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकामातल्या घोटाळ्याच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०२१ ला दोषमुक्त केलं, तेव्हा तुमच्याकडचे लोक म्हणत होते सरकार त्यांचं आहे म्हणून सुटले. जुलै २०२३ ला ते तुमच्या सरकारमध्ये मंत्री झाले आणि तोच निकाल एकदम पवित्र झाला.

जुनाट:
तुम्ही पोरं २०१४ च्या अलीकडे पलीकडेच फिरता. मी जरा मागचं सांगतो. मुख्यमंत्री अंतुले. जानेवारी १९८२, सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्या असा आरोप, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांनी ताशेरे ओढले आणि राजीनामा. शिक्षा नाही, खटला पण नंतर उभा राहिला, भाजपच्या रामदास नायकांनी तो वर्षानुवर्षं लढवला. १९८६ ला मुख्यमंत्री निलंगेकर, मुलीच्या एमडी परीक्षेचे मार्क वाढवल्याचं प्रकरण, पुन्हा हायकोर्टाचे ताशेरे, पुन्हा राजीनामा. म्हणजे कोर्टाने नुसते कान उपटले तरी मुख्यमंत्री जात होता.

पण लगेच "तेव्हाचे लोक थोर होते" असं समजू नका. आमच्या रायगडात अंतुल्यांच्या बाजूने लोक किती पोटतिडकीने भांडायचे ते मी ऐकलंय, "घेतले तर घेतले, ट्रस्टसाठी घेतले, कोकणासाठी या माणसाने केलं तेवढं कुणी केलं". आपला माणूस म्हणजे आपला. फरक एवढाच की दिल्लीतून फोन यायचा आणि जावं लागायचं, कारण पक्षालाच ते ओझं वाटायचं. आता पक्षाला माहितीये की आपला मतदार सोडून जाणार नाही, मग राजीनामा कशाला मागतील? हे काकांचं आणि भावाचं जे चाललंय ना ग्रुपवर, त्याच्याच जिवावर मंत्री खुर्चीत बसून राहतो.

वैदर्भीय:
सावनेर तालुक्यात आमचं शेत आहे, बँकेत पैसे अडकलेले नातेवाईक आहेत. निकाल यायला एकवीस वर्षं लागली, २००२ चं प्रकरण आहे हे. केदार साहेबांचे कार्यकर्ते म्हणतात राजकीय सूड. अरे पण मग मधल्या काळात तुमचंच सरकार होतं की, तेव्हा केस लवकर संपवून निर्दोष सिद्ध व्हायचं होतं. आणि भाजपवाल्यांना शेतकऱ्याचा एवढा पुळका आहे तर आमचे पैसे कुठे आहेत ते कुणी बोलत नाही, आमदारकी गेली यावर फटाके फोडले आणि घरी गेले. २०२४ ला केदारांच्या पत्नी, अनुजाताई, उभ्या होत्या त्यांच्या जागी, पडल्या. आता सगळे विसरले.

तिरपा_डोळा:
@ॲडव्होकेट, महाराष्ट्रातच असं झालं का? उत्तर प्रदेशातलं पण काहीतरी होतं ना.

ॲडव्होकेट_निनावी:
होतं, आणि ते तर प्रयोगशाळेतल्यासारखं स्वच्छ उदाहरण आहे. आझम खान, समाजवादी पक्ष, २७ ऑक्टोबर २०२२ ला द्वेषपूर्ण भाषणासाठी तीन वर्षांची शिक्षा, २८ ला जागा रिकामी. त्याच महिन्यात आधी ११ ऑक्टोबरला भाजपचे खतौलीचे आमदार विक्रम सैनी, मुजफ्फरनगर दंगलीशी संबंधित केस, दोन वर्षं. तिथे काहीच हालचाल नाही. शेवटी राष्ट्रीय लोकदलाच्या जयंत चौधरींनी अध्यक्षांना पत्र लिहून विचारलं की न्याय माणूस बघून करता का, तेव्हा नोव्हेंबरमध्ये जागा रिकामी झाल्याचं जाहीर झालं. आता हेच जयंत चौधरी २०२४ पासून एनडीएत आहेत, त्यामुळे पुढच्या पत्राची वाट बघू नका.

लक्षद्वीपचे मोहम्मद फैजल, राष्ट्रवादीचेच. ११ जानेवारी २०२३ शिक्षा, १३ ला खासदारकी रद्द. २५ जानेवारीला केरळ हायकोर्टाची स्थगिती. खासदारकी परत मिळाली २९ मार्चला, सुप्रीम कोर्टात सुनावणी लागली त्या दिवशी. काढायला दोन दिवस, द्यायला दोन महिने.

कट्ट्यावरचा:
सगळ्यांचे आभार. @राष्ट्रहित, तुमचा तराजूचा मुद्दा मला पटतो, बँक आणि फ्लॅट सारखे नाहीत. पण ८(३) मध्ये गुन्हा किती मोठा ते विचारलेलंच नाही ना, वर्षं विचारलीयेत. दोन म्हणजे दोन. गुन्हा लहान आहे असं म्हणायचं असेल तर कायदा बदला म्हणा, तेरा दिवस गप्प बसू नका.

@जुनाट काका, तुमचं ते पक्षाला माहितीये वालं डोक्यात बसलं. मी आत्तापर्यंत समजत होतो की नेते बिघडले म्हणून आपण असे झालो.

काकांचं अपडेट. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने कोकाटेंची शिक्षा कायम ठेवली आणि मंत्रिपद गेलं तेव्हा ग्रुपवर दिवसभर शांतता. सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर पाच मिनिटांत "सत्यमेव जयते". चुलतभावाने त्यावर "सुप्रीम कोर्ट पण मॅनेज" लिहिलं, ज्याने ऑगस्ट २०२३ मध्ये राहुल गांधींना त्याच कोर्टाने स्थगिती दिली तेव्हा स्टेटसला कोर्टाचा घुमट लावला होता.

तिरपा_डोळा:
एक शंका. अधिसूचना काढायला काही मुदत नाही का कायद्यात? म्हणजे अध्यक्ष महिनाभर बसून राहिले तर?

ॲडव्होकेट_निनावी:
मुदत लिहिलेली नाही, हीच तर गोम आहे. अपात्रता कायद्याने आपोआप लागते, पण जागा रिकामी झाल्याचा कागद विधिमंडळ सचिवालयातून निघतो, आणि तो कागद निकालाच्या दुसऱ्या दिवशी काढायचा की प्रमाणित प्रत हातात यायची वाट बघायची, हे तिथे बसलेल्या माणसावर. मधल्या काळात आरोपीचा वकील स्थगिती आणतो. माझ्या मते चोवीस तास किंवा सात दिवस, काहीही ठेवा, पण एकच आकडा कायद्यात लिहा. मी हे बार रूममध्ये मांडलं तर दोन्हीकडचे वकील म्हणाले कल्पना उत्तम आहे, आमचं सरकार आलं की बघू.