अॅस्टेरिक्स: पहिल्या पुस्तकापासून नको

भाचीला अॅस्टेरिक्स ही फ्रेंच चित्रकथांची मालिका कुठून सुरू करून द्यावी, असं तुम्ही विचारलंत. वर एकाने ती क्रमाने वाचायला द्या म्हटलंय, ते मला पटत नाही. पहिल्या पुस्तकात अॅस्टेरिक्सचा धिप्पाड मित्र ओबेलिक्स जेमतेम दिसतो, त्याचा कुत्रा तर नाहीच. मग मजा ती काय उरली?

सुरुवात ‘अॅस्टेरिक्स अँड क्लिओपात्रा’ या पुस्तकापासून करा. क्लिओपात्राची सीझरशी पैज लागते आणि बिचाऱ्या वास्तुविशारदाला तीन महिन्यांत राजवाडा उभा करायचा असतो. (आमच्या फोंड्याच्या कंत्राटदारांनाही अॅस्टेरिक्सचं ते अचाट ताकद देणारं जादूचं पेय पाजायला हवं!) स्फिंक्सचं नाक कसं तुटलं, तेही इथेच कळतं. मी हे पावसाळ्यात वीज गेली असताना मेणबत्तीच्या उजेडात वाचलं होतं, आई ओरडेपर्यंत.

फ्रेंच येत नसेल तर अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांचं इंग्रजी भाषांतर घ्या. ओबेलिक्सचा कुत्रा, मूळ फ्रेंचमधला इदेफिक्स, तिथे डॉगमॅटिक्स होतो; नावातली कोटी मूळाइतकीच चपखल (‘इदे फिक्स’ म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना, ‘डॉगमॅटिक’ म्हणजे हटवादी). मालिकेचे लेखक गोसिनी १९७७ साली गेले, नंतर चित्रकार उदेर्झो स्वतःच लिहू लागले. ती पुस्तकं शेवटी ठेवा, सरळ सांगायचं तर फिकी आहेत.

विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत एक चक्कर मारा.