मदत हवी आहे: तपासणीच्या तोंडावर इंधनाचा प्रवाह कमी भरतोय

घरी बांधलेलं उंच पंखांचं विमान, पंप नाही. इंधन नुसत्या उतारानं कार्ब्युरेटरला येतं. टेकऑफला इंजिन ताशी 24 लिटर पितं, म्हणजे दीडपटीच्या नियमानं (उतारानं येणारा प्रवाह टेकऑफच्या खपाच्या दीडपट हवा) ताशी 36 लिटर, मिनिटाला 600 मिली हवेत. नाक चढाईच्या कमाल कोनात उचलून, टाकीत तळापुरतंच इंधन ठेवून, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून मोजलं तर 500च भरतात. टाकीचं झाकण उघडूनही आकडा हलत नाही, तेव्हा दोष व्हेंटचा (टाकीत हवा घेणाऱ्या वाटेचा) नसावा. गाळण्या साफ आहेत. संशय फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आडभिंतीजवळच्या) दोन काटकोनी एल्बोंवर, म्हणजे नळीच्या वळणाच्या जोडांवर, आणि 6 मिमी नळीवर. (जमिनीवर इंजिन बिनतक्रार चालतं, पण कमी थ्रॉटलला एवढा प्रवाह पुरतोच.) आधी एल्बो काढून नळीलाच मोठं वळण द्यावं, की थेट 8 मिमी नळी टाकावी? वाटेत एक उंचवटाही आहे, तिथे हवा अडकत असेल का?