हात उगारला नाही, उगारू दिला नाही: तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात लेडीज डब्यात खिडकीच्या जागेवरून दोघींची जुंपली. एकीनं दुसरीच्या केसांना हात घातला, आणि दारातल्या तिघी-चौघी मोबाइल काढून शूटिंग करायला लागल्या. घरी आल्यावर आजी आठवली, म्हणून हा धागा. मारामारी टाळली असेल, थांबवली असेल, किंवा थांबवता आली नसेल, तरी लिहा. सुरुवात मी करते.

जानेवारी १९९३. आम्ही भायखळ्याला चाळीत राहायचो, मी ११ वर्षांची. डिसेंबरातली हिंदू-मुस्लिम दंगल जेमतेम विझते तोवर पुन्हा भडकली. पुरुषमंडळी रात्री गच्चीवर पहारा द्यायची. पहाऱ्यासाठी म्हणून सोडावॉटरच्या बाटल्या, विटांचे तुकडे जमवत होते. समोर कोपऱ्यावर बेकरी होती, रोज सकाळी मीच तिथून पाव आणायचे. बाटल्या वर पोचवायला आम्हा पोरांना लावलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. हे लिहिताना आजही शरम वाटते.

फ्रॉकच्या ओच्यात बाटल्या धरून मी जिना चढत होते. तिसऱ्या मजल्यावर आजीनं धरलं. ओरडली नाही. एकेक बाटली काढून मोरीत नेऊन ठेवली आणि जेवणं उरकून पुरुष वर जायच्या आत गच्चीच्या जिन्यात पाय लांब करून बसली. "वर जायचंय त्यानं मला ओलांडून जावं." म्हाताऱ्या माणसाला ओलांडायचं कुणाच्यानं होईना. काका तीनदा "आई, ऊठ गं" म्हणून विनवून गेले. पहाटेपर्यंत ती तिथेच होती, माझं डोकं तिच्या मांडीवर. त्या रात्री आमच्या गच्चीवरून एकही बाटली पडली नाही.

प्रतिसाद, नालासोपारा
११ जुलै २००६ला मी पश्चिम रेल्वेवर होतो. लोकलगाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले. आमची गाडी मध्येच थांबली, रुळांवरून चालत माहीम गाठलं. रुळांलगतच्या वस्तीतली माणसं घरातल्या चादरी आणून, त्यांची झोळी करून जखमींना नेत होती. कोण कुठला, कुणी विचारत नव्हतं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. आमच्या ग्रुपमध्ये एक दाढीवाले भाई होते, वर्षानुवर्षं चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसणारे. स्फोटांनंतर ते पहिल्यांदा आले तेव्हा एकानं त्यांना बॅग उघडायला लावली. त्यांनी मुकाट्यानं उघडली. जेवणाचा डबा, छत्री, नातवासाठी घेतलेली कंपासपेटी. मी शेजारी उभा होतो आणि एक अक्षर बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या डब्यात दिसेनात. महिन्याभरानं प्लॅटफॉर्मवर त्यांना शोधून काढलं, माफी मागितली, म्हटलं चला. ते आले. पण त्यानंतर बॅगेची चेन उघडी ठेवूनच बसायचे, थेट रिटायर होईपर्यंत.

प्रतिसाद, गोवंडी
शिक्षिका आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७नं मुलांना मारायला बंदी आली. छडी कपाटात गेली, कान पिळणं चालूच राहिलं, माझंही. एकदा फळा पुसायला हात वर केला तर पहिल्या बाकावरच्या मुलानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. त्या दिवसापासून मी कुणाला बोट लावलेलं नाही. वर्गात गोंगाट होतो, होऊ दे.

प्रतिसाद, मुलुंड
'शांतता' हा शब्द मी नऊ वर्षं ऐकला. नवरा मारायचा आणि सासूबाई म्हणायच्या, घरातली शांतता बाईच्या हातात असते. म्हणून कळकळीनं सांगते, गप्प बसण्याला कृपा करून शांतता म्हणू नका. शेवटी मी पोलीस आयुक्तालयातल्या महिला आणि मुलांसाठीच्या विशेष कक्षात गेले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ साली तो सुरू केलेला आहे. तिथल्या ताईंनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळाला. माझा भाऊ चार पोरं घेऊन नवऱ्याला तुडवायला निघाला होता. मी दारात आडवी झाले. मुलानं बापाकडून जे पाहिलं तेच मामाकडून पाहायला नको होतं.

प्रतिसाद, घाटकोपर
रिक्षा चालवतो. बाइकवाल्यानं आरसा तोडला, मी सीटखालचा पाना बाहेर काढला होता. मागे बसलेल्या पॅसेंजरचं पोर रडायला लागलं. पाना परत ठेवला.

प्रतिसाद, नायगाव
पोलिसातून निवृत्त हवालदार. भिवंडी १९८४च्या दंगलीत जळली. पुढे तिथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, दोन्हीकडची माणसं एकत्र. दंगल नसताना बसायचं, ही त्यातली खरी गोम. गटार, नळ, मिरवणुकीचा रस्ता, असल्याच गोष्टी बोलायच्या. १९९२-९३ला मुंबई पेटली, दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं ९०० मृत्यू नोंदवले, आणि भिवंडी शांत राहिली. मग १९९४पासून मुंबईतही तशा समित्या झाल्या, माजी पोलीस आयुक्त रिबेरो साहेब आणि तेव्हाचे आयुक्त साहनी साहेब त्यात पुढे होते.

मीही वस्तीत सतरंजीवर बसलोय. अफवा आली की दोन्ही बाजूंचा एकेक माणूस घेऊन जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं, परत येऊन दोघांनीच आपापल्या लोकांना सांगायचं. पोलिसानं सांगितलेलं कुणी ऐकत नाही. एकदा देऊळ फोडलं म्हणून जमाव जमला. जाऊन बघतो तर टेम्पो मागे घेताना ओट्याची फरशी निखळलेली. दोघांनी मिळून ती जागेवर बसवली, तेवढ्यात निम्मी माणसं पांगली. ताई, तुमच्या आजींनी जिन्यात जे केलं ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. पुढे चाळीनं त्यांना काय म्हटलं? आणि ती बेकरी?

धागाकर्ती
काका, चाळ तिच्याशी बोलेनाशी झाली. त्याच आठवड्यात संक्रांत आली. तिनं नेहमीसारखे लाडू केले, हळदीकुंकवाला तिघीच आल्या. कर्फ्यू उठल्यावर उरलेले लाडू डब्यात भरून तिनं मला बेकरीत पाठवलं, पाठोपाठ स्वतःही आली. शटर बंद होतं. बाजूच्या पानवाल्यानं सांगितलं, गावी गेले. आजीनं डबा त्याच्याकडे ठेवायला दिला. महिन्याभरानं त्यानं तो तसाच, न उघडता परत आणून दिला.