लॅपटॉपवर क्रिप्टो मायनिंग: कॉलेजच्या मुलांनी करावे की नाही?

म्हापशेकर (धागाकर्ता)

माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. अलीकडे एक तक्रार सारखी येते: लॅपटॉप सुरू केला की काही मिनिटांत तापतो, पंखा घोंघावतो आणि मशीन आपोआप बंद पडते. उघडले की हीटसिंकच्या जाळीत लाल धुळीचा जाड थर, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली, आणि बॅटरी इतकी फुगलेली की टचपॅड वर उचलला गेलेला. विचारले की उत्तर ठरलेले, "काका, रात्रभर मायनिंगला लावतो."

मायनिंग म्हणजे संगणकाला सतत आकडेमोडीची कोडी सोडवायला लावून बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी मिळवणे. माझे मत सरळ आहे. लॅपटॉपवर मायनिंग करू नये, आईवडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर तर मुळीच नाही. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, तो काढणाऱ्याला बक्षीस म्हणून नाणी मिळतात) निघाला तेव्हा साध्या संगणकावर हे जमत होते. पुढे ग्राफिक्स कार्डे आली, २०१३ पासून फक्त याच कामासाठी बनवलेली एसिक यंत्रे आली. अँटमायनर एस१९ प्रो हे यंत्र सेकंदाला ११० लाख कोटी हॅश (ठरलेल्या सूत्राने निघणारे उत्तर, एक हॅश म्हणजे कोड्याचा एक प्रयत्न) काढते आणि सव्वातीन किलोवॅट वीज खाते. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर सेकंदाला पाच कोटी हॅश काढतो असे धरले तरी ते यंत्र वीस लाख पटींनी पुढे आहे. त्यात एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकचे बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आले. ग्राफिक्स कार्डवाल्यांचा आधार होता तो इथेरियम या दुसऱ्या नाण्याचा. त्यानेही १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगच बंद केले. मग लॅपटॉप जाळून हाती काय येणार?

फोंड्याचा_कोडर

असहमत. काका, लॅपटॉपवर आज बिटकॉइन कोणी काढत नाही. तुमच्याकडे येणारी मुलं बहुधा मोनेरो हे वेगळे नाणे काढत असणार, आणि ते गणित वेगळे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोनेरोने रँडमएक्स नावाची पद्धत आणली. ती मुद्दाम अशी रचली आहे की साध्या प्रोसेसरलाच फायदा व्हावा. प्रत्येक थ्रेडला (प्रोसेसरवर एका वेळी चालणाऱ्या एकेका कामाला) सुमारे २ एमबी कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) लागते, शिवाय २ जीबीहून जास्त रॅम. एसिकवाल्यांना कारखाना काढून मक्तेदारी करता येऊ नये हाच हेतू. म्हणजे लॅपटॉप या खेळाबाहेर नाही.

लॅपटॉप जळतो तो निष्काळजीपणाने. निम्मेच थ्रेड लावा, टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद करा, बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा, खाली हवा खेळू द्या. माझा जुना लॅपटॉप स्क्रीन फुटून पडला होता, तोच यासाठी लावला आहे. त्याच्यामुळे लिनक्स शिकलो, वॉलेट (नाण्यांचे डिजिटल पाकीट) म्हणजे काय, त्याचे गुप्त शब्द कागदावर का लिहून ठेवायचे, पूल (एकत्र मायनिंग करणाऱ्यांचा गट) वाटणी कशी करतो, हे सगळे शिकलो. कॉलेजात यातले काहीच शिकवले नाही.

हिशेबनीस_मडगाव

भावना बाजूला ठेवून आकडे मांडते, बघा.

लॅपटॉप भिंतीवरून ६५ वॅट ओढतो असे धरू. दिवसरात्र चालवला तर दिवसाला १.५६ युनिट, महिन्याला ४६.८ युनिट. हिशेबापुरता ४ रुपये दर धरला तर १८७ रुपये. घरचा वापर आधीच वरच्या स्लॅबमध्ये असेल तर हे युनिट वरच्याच दराने मोजले जातील, कारण ते घरच्या वापरावर चढतात.

आता मिळकत. मोनेरोचा ब्लॉक दर दोन मिनिटांनी, बक्षीस ०.६ नाणे, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला ४३२ नाणी. लॅपटॉप सेकंदाला ३,००० हॅश काढतो आणि सगळ्या नेटवर्कची ताकद ४०० कोटी हॅश आहे असे धरा. तुमचा वाटा दिवसाला ०.०००३२४ नाणे, महिन्याला ०.००९७. भाव १५,००० रुपये धरला तर १४६ रुपये. आणि हा शंभर टक्के जोर लावल्यावरचा आकडा आहे. निम्मे थ्रेड लावले तर वीज वाचेल, पण नाणीही कमी येतील.

आता कर. १ एप्रिल २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के, वर ४ टक्के सेस. यातून खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही, आणि मायनिंगच्या पायाभूत सुविधांचा खर्च ही खरेदीची किंमत नव्हे असे सरकारने संसदेत सांगितले आहे. म्हणजे कर पूर्ण १४६ वर, सुमारे ४६ रुपये. वीज आणि कर मिळून २३३ रुपये गेले, आले १४६. महिन्याला ८७ रुपये खिशातून. यात पंखा, पेस्ट, बॅटरी धरलेली नाही. मोनेरो २८,००० च्या आसपास गेला तर हा हिशेब जेमतेम शून्यावर येतो.

फोंड्याचा_कोडर

ताई, आकडे मान्य, पण ते आज विकणाऱ्याचे आहेत. मी विकत नाही, साठवतो. भाव २८,००० च्या पुढे गेला तर? तेव्हा आजचे ०.००९७ कामाला येईल.

हिशेबनीस_मडगाव

मग १८७ रुपये वीजबिलात कशाला घालता? त्याच पैशांचे नाणे विकत घ्या. १५,००० च्या भावाने ०.०१२५ नाणे येते, मायनिंगपेक्षा जास्त. आणि पुढे विकाल तेव्हा ते १८७ रुपये खरेदीची किंमत म्हणून वजाही होतील. भाव वर जाणार असा विश्वास असेल तरीही मायनिंग हा महागडा रस्ता आहे. वर भाव चढला की जगभरचे लोक यंत्रे चालू करतात, तेवढा तुमचा वाटा घटतो. हा भाग पोरांना कोणी सांगत नाही म्हणून मला तळमळ वाटते.

फोंड्याचा_कोडर

विकत घ्यायला सोपे असते तर घेतले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायनान्स या मोठ्या एक्सचेंजनेही (नाण्यांच्या ऑनलाइन बाजाराने) मोनेरो काढून टाकला. आणि बाजारातून घेतलेले नाणे एक्सचेंजच्या मर्जीवर असते. तिथे हॅकिंग झाले, खाते गोठले, की गेले. पी२पूलवर काढलेले नाणे थेट माझ्या वॉलेटमध्ये येते, मधे कोणी नाही. ८७ रुपये ही मी त्या स्वातंत्र्याची किंमत समजतो. महिन्याच्या मोबाइल रिचार्जपेक्षा कमीच आहे.

सांगेकर

८७ रुपये तुमचे, पण वीज कोणाची? गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती नावापुरती. आपली वीज कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या कोळशाच्या केंद्रांतून येते. गोवा-तामनार प्रकल्पाची ४०० केव्हीची वीजवाहिनी मोलेच्या जंगलातून आणायचे ठरले तेव्हा २०२० मध्ये किती माणसे उभी राहिली ते विसरलात? सरकारचे म्हणणे एकच होते, गोव्याला वीज कमी पडते. आम्ही जंगलाकाठी राहतो, झाडे तुटली ती आम्ही पाहिली. रात्रभर आकडे जुळवत बसायला वीज वापरणे मला पटत नाही. एकाचा लॅपटॉप लहान आहे हे खरे. पण प्रत्येकजण हेच म्हणतो.

फोंड्याचा_कोडर

सांगेकर बाब, मोलेबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. पण ६५ वॅट म्हणजे छताचा एक पंखा. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत दारे उघडी टाकून दीड टनाचे एसी दिवसभर चालतात, तिथे आधी बोला. बोट फक्त पोरांकडे का?

सांगेकर

तिथेही बोलतो, ग्रामसभेत बोललो आहे. पंख्याखाली माणूस झोपतो. इथे निघालेला प्रत्येक चुकीचा हॅश फेकून दिला जातो, आणि जवळपास सगळे चुकीचेच असतात. नेटवर्कमध्ये यंत्रे वाढली म्हणून नाणी जास्त निघत नाहीत, फक्त गणित कठीण होते. ज्या कामात जास्त वीज घातल्याने जास्त काही तयार होत नाही, ते आणि एसी मी एका मापात मोजणार नाही.

साखळीचा_पोर

आमच्या डिचोली-साखळीकडचे जरा ऐका. २०१२ ला खनिज खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. बाबांचा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते चालूच. अशा घरातल्या मुलाने घरबसल्या चार पैसे मिळतील म्हणून लॅपटॉप लावला तर त्याला मूर्ख ठरवू नका. आमच्या छतावर सोलर आहे, त्यामुळे वीज फुकट. मग हिशेबनीस ताईंचा १८७ रुपयांचा मुद्दाच उरत नाही.

हिशेबनीस_मडगाव

मूर्ख कोणी म्हणत नाही, बाळा. पण सोलर फुकट नसते. नेट मीटरिंग असेल तर वापरून उरलेले युनिट ग्रिडला जातात आणि बिलात तुमच्या बाजूने जमा होतात. मायनिंगला घातलेले ४६.८ युनिट जमा झाले नाहीत, म्हणजे ते तुमचे गेलेच. आणि रात्री पॅनेल वीज देत नाही. रात्रभर चालणारा लॅपटॉप ग्रिडवरच चालतो. घरात पैशांची ओढ आहे म्हणूनच सांगते. ज्या घराला १४६ रुपयांनी फरक पडतो, त्या घराला लॅपटॉप बिघडणे परवडत नाही.

पेडण्याची_शिक्षिका

मी बारावीला संगणक शिकवते. फोंड्याच्या मुलाचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, यातून शिकता येते. पण त्यासाठी रात्रभर मशीन तापवावे लागत नाही.

मी वर्गात पायथॉनचा छोटा प्रोग्राम लिहून घेते. ‘पेडणे’ या शब्दापुढे १, २, ३ असे आकडे जोडत जायचे आणि प्रत्येकाचा एसएचए-२५६ हॅश काढायचा. ६४ अक्षरांची ओळ येते. आकडा एकाने बदलला की सगळी ओळ बदलते, मागच्या ओळीवरून पुढची ओळखता येत नाही. मग अट घालते: ओळीची सुरुवात चार शून्यांनी झाली पाहिजे. त्याला सरासरी ६५,५३६ प्रयत्न लागतात. एंटर दाबला की लगेच उत्तर. पाच शून्ये म्हटले की पडदा क्षणभर थांबतो. सहा शून्यांना सरासरी १,६७,७७,२१६ प्रयत्न, तेव्हा मुले घड्याळाकडे बघू लागतात. प्रत्येक शून्याला काम सोळा पटींनी वाढते हे त्यांना डोळ्यांनी दिसते. मग सांगते की बिटकॉइन दर २,०१६ ब्लॉकनंतर हीच अट कमीजास्त करतो, म्हणजे यंत्रे कितीही वाढली तरी ब्लॉक साधारण दहा मिनिटांनीच निघतो. सांगेकर बाबांचा मुद्दाही इथेच कळतो.

या तासानंतर एखाद्या मुलाला एक-दोन रात्री खरा मायनर (मायनिंग करणारा प्रोग्राम) चालवून बघायचा असेल तर मी अडवणार नाही. कमाई म्हणून लावायला मात्र मी नाहीच म्हणेन.

म्हापशेकर

मॅडमचा हा प्रयोग आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाने करावा असे मनापासून वाटते.

एक मुद्दा राहिला होता, आणि तो तापण्याहून गंभीर आहे. एक्सएमरिग हा मायनर उघड्या कोडचा आहे, त्यात स्वतःत काही वाईट नाही. पण लोकांच्या नकळत त्यांच्या संगणकावर मायनिंग करणारे चोर तोच वापरतात, म्हणून अँटिव्हायरस त्याला हटवतो. मग व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मुले अँटिव्हायरस बंद करतात आणि टेलिग्रामवरून मिळालेली झिप फाइल चालवतात. अशा लॅपटॉपमध्ये मायनर असतोच, वर पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही निघतो, आणि कॉपी केलेला वॉलेटचा पत्ता पेस्ट करताना बदलून टाकणाराही. मुलगा महिनाभर लॅपटॉप तापवतो आणि नाणी तिसऱ्याच्याच खात्यात. त्याच लॅपटॉपवर वडिलांचे नेट बँकिंग चालते.

मोबाइलवर रोज एक बटण दाबा आणि नाणी मिळवा सांगणारी ॲप तर वेगळीच. फोनमध्ये काहीच मोजले जात नाही, मित्रांना जोडत राहायचे एवढेच काम. साखळीच्या मुला, तुझ्या ओळखीत कोणी अशा ॲपला ‘विथड्रॉल फी’ म्हणून पैसे भरत असेल तर त्याला आजच थांबव.

फोंड्याचा_कोडर

झिप फाइलच्या बाबतीत काकांशी शंभर टक्के सहमत. मायनर फक्त मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच घ्यावा आणि सोबत दिलेला हॅश जुळवून बघावा. मॅडमच्या तासाला शिकलेले तिथेच लागू पडते. अँटिव्हायरस पूर्ण बंद करण्याऐवजी फक्त त्या एका फोल्डरला सूट द्यावी. बँकेचे व्यवहार चालतात त्या मशीनवर मायनर नकोच.

पण मी माझा बंद करणार नाही. जुना लॅपटॉप आहे, त्यावर दुसरे काही नाही, बॅटरी काढून टाकली आहे. ताईंचे ८७ रुपये मी माझ्या पार्टटाइमच्या पैशांतून घरी वीजबिलात देतो.

साखळीचा_पोर

ॲपमध्ये चुलतभावाने पैसे भरलेत. कुठे तक्रार करायची?

हिशेबनीस_मडगाव

१९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन लावायला सांग, वेळ जाईल तसे पैसे अडवणे कठीण होते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ॲप डिलीट करू नका, पुरावा त्यातच आहे.