मदत हवी आहे: कूलंट गळतंय, स्टॉप-लीक (गळती बुजवायला कूलंटमध्ये टाकतात ते) टाकू का?

मंडळी जरा सल्ला हवाय. 2012 ची पेट्रोल गाडी आहे, घोडबंदरहून रोज ऐरोलीला जाऊन-येऊन. चार दिवस झाले, टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिनच्या खुणेखाली जातंय आणि सकाळी पार्किंगमध्ये पुढच्या बाजूला हिरवा ओला डाग असतो. मेकॅनिक म्हणाला रेडिएटरला बारीक भोक आहे, होज आणि वॉटर पंप ठीक, ऑइलही पांढरट झालेलं नाही म्हणजे त्यात कूलंट मिसळत नाहीये, पण नवीन रेडिएटर यायला आठवडा लागेल. मधल्या काळात आईला फिजिओथेरपीला न्यायचंय, रिक्षात तिला बसवत नाही, त्यामुळे गाडी उभी ठेवणं जमणारच नाही.

तर आठवड्यापुरतं स्टॉप-लीक टाकलं तर चालेल का? बारीक भोक ते बुजवतं हे माहितीये, पण तोच माल हीटर कोअरमध्ये (केबिन हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) नाहीतर रेडिएटरच्या नळ्यांत बसून चोक करतो त्याची धास्ती आहे, कारण माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की टेम्परेचरचा काटा आत्ताच वर सरकतो. पावडर घ्यावी की लिक्विड? नंतर नवा रेडिएटर बसवण्याआधी सिस्टिम किती वेळा फ्लश केलीत (पाण्याने धुऊन काढलीत)? की नुसतं टॉप-अप करत आठवडा काढू? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी प्लीज सांगा, परवा सकाळी आईला घेऊन निघायचंय.