मदत हवी आहे: ट्रेनर असह्य झालाय, कळ काढू की ट्रकमधून उतरू?

नवा_चक्रधर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, अर्ध्या तासात परत निघायचंय. ट्रेनरबरोबर आज तेरावा दिवस आणि अजून जवळजवळ तीन आठवडे बाकी आहेत. माणूस सहन होत नाहीये. तासन् तास बोलत नाही आणि तोंड उघडलं की ओरडतो. बॅकिंग करूच देत नव्हता, काल रात्री पहिल्यांदा म्हणाला कर, मी हळूहळू ट्रेलर आत घेत होतो तर मधेच अंगावर वाकून माझ्या हातातलं स्टीअरिंग खेचलं, शेजारच्या ट्रकचा आरसा वीतभर अंतरावर राहिला आणि वर शिव्या मलाच. रात्रभर मी चालवतो, हा मागे झोपतो. सगळे म्हणतात महिनाभर कळ काढ, मग स्वतःचा ट्रक मिळेल. उतरलो तर शिकण्याची फी अंगावर येईल. काय करू? जरा लवकर सांगा.

गिअर_अठरा
कुठल्या देशात आहात? लायसन्स हातात आहे की अजून शिकाऊ परमिट? फी कोणी भरली? कंपनीत कोणाला सांगितलंय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग लवकर सांगायचं तरी काय?

पांढरी_पट्टी
ट्रेनर मागे झोपतो म्हणजे सरळ सरळ बेकायदा आहे. अमेरिकेत असाल तर परमिटवर चालवणाऱ्याच्या शेजारच्या पुढच्या सीटवर सीडीएलवाला (व्यावसायिक वाहनाचं पक्कं लायसन्स असलेला) बसलेलाच असावा लागतो, बंकमध्ये, म्हणजे मागच्या झोपायच्या जागेत, झोपलेला चालत नाही. आजच्या आज तक्रार करा.

घाटातला_ट्रेलर
मी उलट सांगेन. कळ काढ. माझा ट्रेनर सहा आठवडे माझ्याशी धड बोलला नाही, सिगरेट ओढायचा, मला खोकला लागायचा, तरी काढले दिवस. आज नऊ वर्षं झाली चालवतोय. या धंद्यात पुढे माल उतरवून घेणाऱ्या रिसीव्हरचा माणूस ओरडणार, कामं वाटणारा डिस्पॅचर ओरडणार, रस्त्यावरचे लोक हॉर्न मारणार. एका माणसाच्या ओरडण्याने उतरायला निघालास तर हिवाळ्यात बर्फात अडकल्यावर काय करशील? तीन आठवडे म्हणजे काही फार नाहीत.

नवा_चक्रधर
सॉरी, अमेरिकेतच आहे. परमिट नाही, क्लास ए सीडीएल झालंय, शाळेत टेस्ट पास झालो, हे त्यानंतरचं कंपनीचं ट्रेनिंग. फी कंपनीने भरली, एक वर्ष काम केलं की माफ, मधे सोडलं तर परत द्यायची असा करार आहे. कंपनीत कोणाला सांगितलं नाहीये, कोणाला सांगायचं तेच कळत नाही. डिस्पॅचर ट्रेनरचाच आहे, दोघं फोनवर हसत खिदळत बोलतात.

पांढरी_पट्टी
सीडीएल असेल तर मग झोपणं बेकायदा नाही, माझा मुद्दा मागे घेतो. टीम म्हणून, एक झोपलेला असताना दुसरा असं, चालवू शकता. पण ट्रेनरला झोपायचं असेल तर तो शिकवणार कधी, हा प्रश्न राहतोच.

मैलाचा_दगड
शिकवत नाही याचं कारण साधं आहे, पैसा. बऱ्याच ठिकाणी ट्रेनरला ट्रक जितके मैल धावेल तितक्या सगळ्या मैलांचे पैसे मिळतात, म्हणजे तू चालवलेले सुद्धा, आणि शिकणाऱ्याला दिवसाचा ठरलेला पगार. एकटा ड्रायव्हर नियमाप्रमाणे ११ तास चालवणार आणि १० तास विश्रांती घेणार, दोघं असले की ट्रक जवळजवळ थांबतच नाही. सगळे ट्रेनर तसे नसतात, मी स्वतः चार वर्षं शिकवलंय, पण ज्याला शिकवायची आवड नाही आणि मैल हवेत त्याच्यासाठी नवा मुलगा म्हणजे फुकटचा दुसरा ड्रायव्हर.

अजून एक लक्षात घे. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या ड्रायव्हरच्या ट्रेनिंगचे जे केंद्रीय नियम आले ते सीडीएलच्या टेस्टपर्यंतचे. तिथे शिकवणाऱ्याला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. सीडीएलनंतर कंपनी जे शिकवते त्याला तो नियम लागत नाही, तिथे कोणाला ट्रेनर करायचं हे कंपनी ठरवते. म्हणून एकाच कंपनीत एक ट्रेनर हिरा निघतो आणि एक असा.

दूरची_गाडी
विषय निघालाच आहे तर विचारते, तुम्ही टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली की मॅन्युअलवर? ऑटोमॅटिकवर दिली असेल तर लायसन्सवर ई बंधन येतं आणि मॅन्युअल ट्रक चालवता येत नाही. माझ्या भावाने हे नंतर वाचलं, फार पस्तावला.

घाटातला_ट्रेलर
आता सगळ्या कंपन्यांचे ट्रक ऑटोमॅटिकच झालेत, कोणी विचारत नाही.

दूरची_गाडी
सगळ्या नाही. टँकर आणि जड सामानवाले अजून मॅन्युअल चालवतात.

गिअर_अठरा
अहो त्याने गिअरबद्दल विचारलेलंच नाही.
@नवा_चक्रधर, ओरडणं आणि धोका हे दोन वेगळे विषय आहेत. ओरडतो, घोरतो, केबिन घाण ठेवतो हे माणूस सहन करू शकतो. चालत्या गाडीत स्टीअरिंग ओढणं धोका आहे. अजून असं काही घडलंय का? झोप नीट मिळते का? अंगाला हात लावतो का, दारू पितो का? सगळं लिहा, लाजू नका.

चांदणी_रात्र
मी बाई आहे, पाच वर्षं चालवते. माझा पहिला ट्रेनर नको तसं बोलायला लागला, दुसऱ्या दिवशी सकाळी इंधनाला थांबलो तेव्हा मी पिशवी घेऊन खाली उतरले आणि तिथूनच फोन केला. कंपनीने दोन दिवसांनी दुसरी ट्रेनर दिली, ती बाई मी ट्रेलर मागे घेताना शंभर वेळा खाली उतरून बघायची. तिने एक गोष्ट शिकवली ती आजपर्यंत कामाला येते, स्टीअरिंग खालच्या बाजूने धर, मग हात ज्या बाजूला नेशील त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. पहिल्या ट्रेनरकडे तेवढंसुद्धा शिकले नव्हते. ट्रेनर बदलून मागणं म्हणजे नोकरी सोडणं नाही, हे दोन्ही एकच समजू नका.

नवा_चक्रधर
अंगाला हात वगैरे नाही, दारू नाही. झोप नीट नाही, कारण दिवसा हा चालवतो तेव्हा ब्रेक इतके जोरात मारतो की मी बंकमध्ये आपटतो. परवा ओरेगॉनमधल्या कॅबेज हिलच्या उतारावर मी चालवत होतो, आय-८४ वर, ६ टक्के उतार आणि वळणं, पहिल्यांदाच असा उतार, मी हाक मारली तर मागून म्हणाला शाळेत शिकलास ना, उतर. शाळेत शिकवलेलं आठवलं, ताशी ४० मैल वेग ठरवला की ४० ला ब्रेक दाबून ३५ वर आणायचा आणि सोडायचा, तसं करत उतरलो, खाली आल्यावर पाय थरथरत होते.

आणि लॉगचं (कोण किती तास चालवतो त्या नोंदीचं) एक आहे पण ते बहुतेक सगळेच करतात म्हणे. टॅबलेटवर माझं नाव ड्रायव्हर म्हणून ठेवतो आणि तोच चालवतो कधी कधी. काल सकाळी बघितलं तर पहाटे २ ते ४:४० मी ड्रायव्हिंग दाखवलंय, मी तेव्हा झोपलेलो. मला म्हणाला दिवस सर्टिफाय कर, मी बटण दाबलं.

मैलाचा_दगड
थांब. ही गोष्ट तू सगळ्यात शेवटी लिहिलीस आणि हीच सगळ्यात मोठी आहे.

त्याचे ११ तास संपतात, मग तो तुझ्या नावावर चालवतो. तुझ्या नावावरचे तास खोटे, त्याच्या नावावरची विश्रांती खोटी. तू सर्टिफाय केलंस म्हणजे हे खरं आहे अशी सही दिलीस. उद्या अपघात झाला आणि चौकशी झाली तर पहाटे २ ला गाडी तू चालवत होतास असं कागद सांगणार. गाडी हा चालवत असेल आणि कोणी मेलं तर? कोर्टात तू उभा राहशील. सगळेच करतात असं कोणी सांगितलं? मी अकरा वर्षांत एकदाही केलेलं नाही.

घाटातला_ट्रेलर
हे वाचून मीही माझं म्हणणं बदलतो. ओरडण्याबद्दल कळ काढ म्हटलं होतं, लॉगबद्दल नाही. याच्या बरोबर पुढचा लोड घेऊ नकोस.

पांढरी_पट्टी
लॉग दुरुस्त करता येतो. टीममध्ये चुकून दुसऱ्याच्या नावावर पडलेली ड्रायव्हिंगची वेळ ज्याची त्याच्या नावावर फिरवायची सोय ईएलडीत (तास नोंदवणाऱ्या त्या यंत्रात) असते, पण दोघांनी मान्य करावी लागते, आणि तो करणार नाही. तरी तू तुझ्या बाजूने शेरा टाक, पहाटे २ ते ४:४० मी बंकमध्ये होतो, असं स्पष्ट. मूळ नोंद पुसली जात नाही, तुझा शेराही राहतो. कंपनीला लॉग सहा महिने जपून ठेवावे लागतात.

नवा_चक्रधर
शेरा टाकला तर त्याला दिसेल ना? आम्ही दोघं एकाच केबिनमध्ये आहोत. आत्ता शिपरकडे (माल पाठवणाऱ्याकडे) लोड भरतायत, तो आत ऑफिसात आहे.

चांदणी_रात्र
मग आधी खाली उतरायची जागा ठरव, शेरा नंतर. रस्त्यात भांडण करू नकोस. आत्ता टॅबलेटवरच्या त्या दिवसाच्या लॉगचा फोटो घे, ट्रकचा नंबर दिसेल असा. कालच्या इंधनाच्या पावत्यांचाही घे. मग सेफ्टी डिपार्टमेंटला ईमेल कर, डिस्पॅचरला नाही. फोनवर सांगितलेलं कोणी मान्य करत नाही, ईमेलवर तारीख वेळ राहते.

मैलाचा_दगड
ईमेलमध्ये शिव्या, सिगरेट, घोरणं यातलं काही लिहू नकोस. तीनच गोष्टी लिही. अमुक तारखेला स्टीअरिंग ओढलं. अमुक तारखेला माझ्या नावावर दुसऱ्याने गाडी चालवली. मी खोट्या लॉगवर चालवणार नाही, मला दुसरा ट्रेनर द्या. नोकरी सोडतोय असा शब्द कुठेही येता कामा नये, आला की फीचा करार ते तुझ्यावरच लावतील.

गिअर_अठरा
आणि यावर काढून टाकलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे. सरफेस ट्रान्सपोर्टेशन असिस्टन्स अॅक्टखाली तासांची खरी नोंद केली किंवा सुरक्षेचा नियम मोडून गाडी चालवायला नकार दिला म्हणून कामावरून काढता येत नाही, तक्रार ओशाकडे (कामगार सुरक्षेच्या केंद्रीय खात्याकडे) १८० दिवसांच्या आत करावी लागते. जबरदस्तीने नियम मोडायला लावलं अशी तक्रार एफएमसीएसएकडे (ट्रक सुरक्षेच्या केंद्रीय खात्याकडे) करायची असेल तर मुदत ९० दिवस. तारखा वहीत लिहून ठेवा.

घाटातला_ट्रेलर
कायदा बरोबर, पण डॅक रिपोर्टवर (ड्रायव्हरच्या जुन्या नोकऱ्यांची माहिती, जी नवी कंपनी बघते) लोड सोडून पळाला असं टाकलं तर पुढची कंपनी नोकरी देत नाही, हे पण सांगा त्याला.

गिअर_अठरा
सांगतो की. म्हणूनच लोड घेऊन रस्त्यात कुठेही ट्रक सोडायचा नाही, लेखी कळवून, त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी उतरायचं. आणि रिपोर्टची प्रत मागता येते, खोटं असेल तर हरकत घेता येते. त्या एका भीतीपोटी खोट्या सह्या करत बसायचं का?

घाटातला_ट्रेलर
मी तसं म्हटलंच नाही. फक्त उतरायची पद्धत चुकू नये एवढंच.

लांबचा_प्रवासी
नवीन लोकांसाठी माझा एक सल्ला, फोनवरच्या साध्या नकाशावर कधी ट्रक नेऊ नका. ट्रेलर १३ फूट ६ इंच उंच असतो, नकाशा कमी उंचीच्या पुलाखाली नेऊन घालतो. ट्रकवाला जीपीएसच घ्या.

नवा_चक्रधर
ईमेल केला. फोटो जोडले. हात थंड पडलेत. दोन तासांनी सेफ्टीच्या बाईंचा फोन आला, तो इंधन भरत होता तेव्हा उचलला. त्या म्हणाल्या उद्या दुपारी जवळच्या टर्मिनलवर उतर, लोड तो एकटा पुढे नेईल, आणि आज रात्री तुझे तास संपले की लॉगआउट करून झोप, तुझ्या नावावर काही नको. फीबद्दल विचारलं तर म्हणाल्या ट्रेनर बदलला म्हणजे करार मोडला नाही. हे लेखी मागितलं तर ईमेल पाठवलाही.

चांदणी_रात्र
तो ईमेल स्वतःच्या घरच्या पत्त्यावरही पाठवून ठेव. कंपनीच्या खात्यात एकटा राहू देऊ नकोस.

नवा_चक्रधर
केलं.

(पाच दिवसांनी)

नवा_चक्रधर
उशीर झाला लिहायला. टर्मिनलवर तीन दिवस बसवून ठेवलं, फार वाईट गेले, कोणी सांगत नव्हतं पुढे काय. काल नवीन ट्रेनर मिळाला, पन्नाशीचे आहेत, बोलतात कमी. पहिल्याच दिवशी रिकाम्या लॉटमध्ये दोन तास फक्त बॅकिंग करायला लावलं. मी रिव्हर्स टाकला की ते खाली उतरून उजवीकडे, मला दिसत नाही त्या बाजूला, ट्रेलरच्या मागच्या टायरपाशी उभे राहायचे आणि हाताने खुणा करायचे. एकदा मी फार आत घेतलं तर फक्त हात वर केला, मी थांबलो, उतरून स्वतः बघितलं, पुन्हा पुढे घेतलं. सहाव्यांदा ट्रेलर जागेत बसला.

जुन्या ट्रेनरचं काय झालं ते कळलं नाही. पण एक विचारायचं राहिलं, टँडम (ट्रेलरची मागची सरकती चाकं) सरकवताना पिन निघत नाही, थोडं मागेपुढे हलवून सुद्धा, काय करायचं?

मैलाचा_दगड
ट्रेलरचे ब्रेक लावलेलेच ठेव, पिनचा लिव्हर ओढून अडकव, मग अगदी सावकाश थोडं पुढे थोडं मागे कर. पिनवरचा ताण गेला की आपोआप निघते. तरी नाही निघाली तर उतरून बघ, चार पिनांतली एक अडकलेली असते, गंजलेली असली तर तेल मार. पिन बाहेर आहेत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जास्त ओढू नकोस.