पर्माफ्रॉस्ट वितळतंय तर पाया अजून खोल का घेत नाहीत?

चौकस_वाचक
सध्या अलास्कातल्या न्यूटोक गावाबद्दल वाचतोय. युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांचं छोटं गाव, नदी काठ खात खात घरांपर्यंत आली आणि खालची पर्माफ्रॉस्ट म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीनही वितळत सुटत गेली, शेवटी अख्खं गाव साधारण १४-१५ किमीवर मेरटारविकला हलवावं लागलं, पहिली कुटुंबं २०१९ ला गेली आणि उरलेली २०२४ मध्ये. नदीचं समजलं मला, पण जिथे जवळपास नदी नाही समुद्र नाही तिथेही घरं वाकडी होतायत ते का? खडक लागेपर्यंत खांब खाली नेले तर प्रश्न सुटणार नाही का? आणि हजारो वर्षं गोठलेली जमीन एक-दोन डिग्रीने अशी कशी खचते?

माती_आणि_पाया
खोलीचं आधी सांगतो. रशियात सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात शेर्गिन नावाच्या माणसाने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली होती, १८३७ पर्यंत ११६ मीटर खाली गेले तरी जमीन गोठलेलीच! त्यामुळे पर्माफ्रॉस्ट पार करून खाली जायचं हे तिथे शक्यच नाही. आणि बऱ्याच ठिकाणी खांब खडकावर टेकवलेलेच नसतात, भोक पाडून खांब आत सोडतात, भोवती ओली माती भरतात, ती गोठते आणि खांबाला चारी बाजूंनी धरून ठेवते. घराचं वजन बरंचसं त्या पकडीवर असतं. आता ही पकड उणे ५ ला जेवढी असते तेवढी उणे १ ला राहत नाही, म्हणजे जमीन वितळायच्या आधीच, नुसती कमी थंड झाली तरी खांब हळूहळू खाली सरकायला लागतो. तुमच्या एक-दोन डिग्रीचं उत्तर यातच आहे.

बाकी खचते ती मातीतल्या बर्फामुळे. कोरडा खडक शून्याच्या वर गेला तर फारसं काही बिघडत नाही, पण सायबेरिया अलास्कात येडोमा म्हणतात ती जमीन आहे, त्यात आकारमानाने ५० ते ९० टक्के नुसता बर्फ, मोठमोठ्या उभ्या पाचरी मातीत ठोकल्यासारख्या. पाचर वितळली, पाणी निघून गेलं की वरची माती खाली बसणारच. याकुत्स्क ज्यात येतं त्या याकुतिया प्रांतात चुरापचा गावाजवळ सपाट माळ होते तिथे आता उंचवटे आणि खड्डे झालेत.

आणि अजून एक, घर स्वतःच जमीन वितळवतं. आत हीटर चालू, ती ऊब फरशीतून खाली जाते. म्हणून तर याकुत्स्कच्या इमारती खांबांवर उचललेल्या असतात, खालून हिवाळ्याचा गार वारा जावा म्हणून. तिथे कोणी ती मोकळी जागा बंद केली किंवा सांडपाण्याचा पाइप गळायला लागला की संपलं.

टुंड्राप्रेमी
वरचं सगळं पटलं पण घर वाकडं होणं ही त्यातली एकच गोष्ट आहे हो. पॉइंट ले बघा, अलास्काच्या चुकची समुद्राकाठचं, इन्युपियाट या मूळ रहिवाशांचं गाव. घरं खांबांवर आहेत पण खालची जमीनच बसत चाललीये, पाण्याचे आणि मैल्याचे पाइप तुटतात, आणि २०१६ मध्ये तर ज्या तळ्यातून प्यायचं पाणी घ्यायचे ते तळंच फुटून रिकामं झालं. तिकडच्या किनाऱ्यावर जमिनीत खणलेली बर्फाची तळघरं असतात, व्हेलचं मांस त्यात ठेवतात, वीज लागत नाही काही नाही. त्यात आता पाणी शिरतं. मांस खराब होतं म्हणजे फक्त जेवणाचा प्रश्न नाही, ते मांस सगळ्या गावात वाटून खायची रीत आहे आणि तीच अडचणीत येते, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

रशियाच्या यमाल द्वीपकल्पात २०१६ च्या उन्हाळ्यात अँथ्रॅक्स हा जनावरांकडून माणसांना होणारा जंतूंचा रोग पसरला होता तेही यातलंच. २००० पेक्षा जास्त रेनडिअर मेले आणि १२ वर्षांचा एक मुलगा गेला. जुन्या संसर्गाचे जंतू वितळलेल्या मातीतून वर आले असं मानतात, आणि रेनडिअरचं लसीकरण तर २००७ पासून बंद होतं.

रोखठोक
सगळं हवामानाच्या डोक्यावर टाकू नका मात्र. २०२० च्या मे मध्ये रशियातल्या नोरिल्स्क शहरात डिझेलची टाकी फुटली, २०००० टनांच्या वर डिझेल सांडलं, लगेच पर्माफ्रॉस्टचं नाव पुढे आलं. सरकारी तपासात टाकीच्या पायाच्या बांधकामातल्या आणि देखभालीतल्या चुकाही निघाल्या. जमीन ऊबदार होतीये हे खरंच आहे, म्हणूनच तर देखभाल जास्त कडक हवी ना.

चौकस_वाचक
@माती_आणि_पाया पकडीचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. मग जमीन मुद्दाम थंड ठेवायचा काही उपाय आहे का?

माती_आणि_पाया
आहे, थर्मोसायफन. जमिनीत खोचलेली बंद नळी, आत अमोनियासारखं द्रव्य. हिवाळ्यात खालच्या उष्णतेने त्याची वाफ होते, वर गार हवेत तिचं परत द्रव होतं आणि खाली येतं, असं करत जमिनीतली उष्णता बाहेर टाकली जाते, मोटर नाही की वीज नाही. अलास्काच्या तेलाच्या पाइपलाइनच्या खांबांवर आणि छिंगहाय-तिबेट रेल्वेच्या काठाने याच नळ्या दिसतात. पण हे चालतं फक्त हवा जमिनीपेक्षा थंड असताना, म्हणजे हिवाळेच ऊबदार झाले की जोर कमी. आणि पाइपलाइनला परवडतं ते ३०० माणसांच्या गावातल्या प्रत्येक घराला कोण लावून देणार?

टुंड्राप्रेमी
तेच तर. न्यूटोक मुळात त्या जागी वसलं कारण १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे सरकारी शाळा बांधली, त्याआधी हे लोक ऋतूप्रमाणे जागा बदलायचे. म्हणजे एका जागी बसवलं सरकारने आणि हलायची वेळ आली तेव्हा मात्र हलवायची जबाबदारी असलेलं एकही सरकारी खातं नव्हतं. नव्या जागेच्या अदलाबदलीला २००३ मध्येच अमेरिकेच्या संसदेची मंजुरी मिळाली होती, तरी पहिली कुटुंबं पोचायला २०१९ उजाडलं. मधे गावाने राष्ट्रीय आपत्ती जाहीर करा म्हणून अर्ज केला, २०१७ च्या सुरुवातीला तो नाकारला गेला. तिथला मदतीचा कायदा वादळ, भूकंप अशा अचानक येणाऱ्या संकटासाठी लिहिलाय, वर्षानुवर्षं पायाखालून जमीन सरकणं त्यात बसतच नाही. माझ्या मते थर्मोसायफनच्या आधी तो कायदा बदलायला हवा.